मागच्या घरातील लेखिका : ॲन फ्रँक

ॲमस्टरडॅम शहरातील प्रिन्सेनग्राख्त या कालव्याच्या काठी २६३ क्रमांकाचे एक उंच, अरुंद घर उभे आहे. सतराव्या शतकातील या घराला, त्या शहरातील अनेक जुन्या घरांप्रमाणे, पाठीमागे जोडलेले आणखी एक घर आहे. डच भाषेत त्याला ‘आख्टरहाउस’, म्हणजे मागचे घर, म्हणतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. पुढच्या भागात एका व्यापारी पेढीचे कार्यालय व गोदाम नेहमीप्रमाणे चालू असताना या मागच्या घराच्या वरच्या मजल्यांवर आठ माणसे पंचवीस महिने लपून राहिली. त्या आठांपैकी एकच माणूस जिवंत परतला. परंतु आठांपैकी सर्वांत लहान असलेल्या मुलीने तेथे बसून जे लिहिले, ते सत्तरहून अधिक भाषांत वाचले गेले. त्या मुलीचे नाव ॲन फ्रँक. मृत्युसमयी तिला सोळावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

आनेलीस मारी फ्रँक हिचा जन्म १२ जून १९२९ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. तिचे वडील ओटो फ्रँक हे पिढ्यान्‌पिढ्या जर्मनीत स्थायिक झालेल्या ज्यू घराण्यातील. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात लढले होते आणि लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते. आई एडिथ या आखेन शहरातील व्यापारी कुटुंबातील होत्या. मोठी बहीण मार्गो ॲनपेक्षा तीन वर्षांनी मोठी. घरातील वातावरण मोकळे होते. ग्रंथ व शिक्षण यांना तेथे मानाचे स्थान होते. आपण जर्मन आहोत याविषयी त्या कुटुंबाला कधी शंका वाटली नव्हती. ती शंका त्यांच्या वतीने राज्यकर्त्यांनी घेतली.

१९२९ मध्येच जगावर आर्थिक मंदीचे संकट कोसळले. बेकारीने गांजलेल्या जर्मन जनतेला आपल्या सर्व दुःखांचे मूळ ज्यू समाजात आहे असे सांगणारा पक्ष जवळचा वाटू लागला. ३० जानेवारी १९३३ रोजी ॲडॉल्फ हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. काही आठवड्यांतच ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार आणि ज्यू कर्मचाऱ्यांची सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी सुरू झाली. ओटो फ्रँक यांनी काळाची पावले ओळखली. त्याच वर्षी ते नेदरलँड्सला गेले आणि जॅम घट्ट होण्यासाठी लागणारे पेक्टिन विकणारी ‘ओपेक्टा’ ही पेढी त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये उभी केली. एडिथ व मुली काही काळ आखेनला आजीकडे राहिल्या. फेब्रुवारी १९३४ मध्ये साडेचार वर्षांच्या ॲनला ॲमस्टरडॅमला आणण्यात आले, ते नेमके मार्गोच्या वाढदिवसाच्या सुमारास. भेटवस्तूंसोबत तिलाही टेबलावर बसवून मार्गोला भेट म्हणून देण्यात आले, ही आठवण तिने पुढे मोठ्या कौतुकाने नोंदवून ठेवली.

मेर्वेडेप्लाइन या नव्या वस्तीतील घरात कुटुंबाचा जम बसला. ॲन जवळच्या माँटेसरी शाळेत जाऊ लागली आणि डच भाषा तिने इतकी आत्मसात केली की पुढे तिचे सर्व लेखन त्याच भाषेत झाले. मार्गो शांत, अभ्यासू आणि नेहमी उत्तम गुण मिळवणारी, तर ॲन बोलकी, हट्टी, नकला करणारी आणि सर्वांचे लक्ष आपल्याकडे असावे अशी इच्छा बाळगणारी. हानेली गोसलार ही तिची बालमैत्रीण. तिचेही कुटुंब जर्मनीतूनच आश्रयाला आलेले होते. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत एका रात्रीत शेकडो ज्यू प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. त्यानंतर आखेनची आजीही ॲमस्टरडॅमला आली. सीमेपलीकडे वणवा पेटला होता, परंतु नेदरलँड्स पहिल्या महायुद्धाप्रमाणे या वेळीही तटस्थ राहील अशी अनेकांची समजूत होती.

१० मे १९४० रोजी ती समजूत संपली. जर्मन सैन्याने नेदरलँड्सवर आक्रमण केले आणि पाच दिवसांत देशाने शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडले ते एकाएकी घडले नाही, आणि हीच गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रथम नोंदणी झाली. प्रत्येक ज्यू व्यक्तीचे नाव व पत्ता सरकारदप्तरी लिहिला गेला. मग सरकारी नोकऱ्या गेल्या. मग चित्रपटगृहे, बागा, पोहण्याचे तलाव व ग्रंथालये बंद झाली. ज्यूंना आपला व्यवसाय स्वतःच्या नावे ठेवता येईना, तेव्हा ओटो फ्रँक यांनी पेढीची सूत्रे विश्वासू सहकाऱ्यांच्या नावे केली. सायकली जमा करण्याचा हुकूम निघाला, ट्राममध्ये बसण्यास मनाई झाली, बाजारहाटासाठी दुपारचे दोन तास ठरवून देण्यात आले आणि रात्री आठनंतर घराबाहेर पडण्यास बंदी आली. मे १९४२ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीने कपड्यांवर पिवळा तारा शिवणे सक्तीचे झाले. यांतील एकेक हुकूम सुटा पाहिला तर सोसण्यासारखा वाटे. त्यांची बेरीज काय होणार आहे हे फार थोड्यांना उमगले.

या हुकुमांपैकी मुलांना सर्वांत जवळून जाणवला तो शाळेविषयीचा. १९४१ च्या उन्हाळी सुटीनंतर ज्यू मुलांना इतर मुलांबरोबर शिकण्यास मनाई करण्यात आली. ॲनला आपली शाळा सोडावी लागली आणि ती मार्गोसह ज्यू विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या वेगळ्या माध्यमिक शाळेत जाऊ लागली. तेथेही तिचा स्वभाव बदलला नाही. तासाला सतत बडबड केल्याबद्दल गणिताच्या शिक्षकांनी तिला शिक्षा म्हणून बडबड्या मुलीवर निबंध लिहावयास सांगितला. हा दोष आपल्याला आईकडून वारशाने मिळाला असल्याने त्यावर फारसा इलाज नाही, असा युक्तिवाद तिने निबंधात केला. शिक्षक हसले, पण तिची बडबड थांबली नाही. तेव्हा दुसरा व मग तिसरा निबंध लिहावा लागला. तिसरा तिने मैत्रिणीच्या मदतीने पद्यात लिहिला. शिक्षकांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि त्यानंतर शिक्षा देणे सोडून दिले. शब्दांच्या बळावर समोरच्याला जिंकता येते याचा हा तिला मिळालेला बहुधा पहिला अनुभव असावा.

दरम्यान ओटो फ्रँक देश सोडण्यासाठी धडपडत होते. अमेरिकेचा परवाना मिळवण्यासाठी त्यांनी १९४१ मध्ये तेथील एका प्रभावशाली जुन्या मित्राला पत्रे लिहिली, क्यूबाचा मार्गही चाचपून पाहिला. परंतु निर्वासितांसाठी जगाची दारे एकेक करून बंद होत होती आणि नियम दर काही आठवड्यांनी बदलत होते. अखेरीस त्यांनी दुसरा मार्ग निवडला. कार्यालयामागचे रिकामे घर गुपचूप सज्ज करावयाचे आणि वेळ आली की तेथे अदृश्य व्हावयाचे. यासाठी त्यांनी आपल्या कार्यालयातील माणसांना विश्वासात घेतले. योहानेस क्लाइमान, व्हिक्टर कुग्लर, मीप गीस व त्यांचे पती यान, आणि तरुण टंकलेखिका बेप फोस्कुइल यांना ही मदत करण्यात प्राणांचा धोका आहे हे पुरते ठाऊक होते. तरीही त्यांच्यापैकी एकानेही विचार करायला वेळ मागितला नाही.

१२ जून १९४२ रोजी ॲनला तेरावे वर्ष पूर्ण झाले. वाढदिवसाच्या भेटींत लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडी बांधणीची एक वही होती. ती खरे तर मित्रमैत्रिणींच्या स्वाक्षऱ्या व शुभेच्छा घेण्याची वही, पण ॲनने ती रोजनिशीसाठी वापरावयाचे ठरवले. भोवती मैत्रिणींचा घोळका असूनही मनातले सांगावे अशी सखी आपल्याला नाही, असे तिला वाटत असे. पुढे तिने रोजनिशीतील नोंदी ‘किटी’ या काल्पनिक मैत्रिणीला पत्रे म्हणून लिहिण्यास आरंभ केला. हे नाव तिने त्या काळच्या एका लोकप्रिय डच बालकादंबरीमालेतील पात्रावरून घेतले होते.

वाढदिवसानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ५ जुलै रोजी, सोळा वर्षांच्या मार्गोच्या नावाने जर्मनीतील श्रमछावणीत हजर राहण्याचा हुकूम आला. आता थांबणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे मार्गो मीप यांच्यासोबत सायकलवरून निघाली, आणि आईवडिलांबरोबर ॲन भर पावसात शहरातून चालत गेली. हातात पेटी दिसली तर संशय येईल म्हणून प्रत्येकाने अंगावर कपड्यांचे थरावर थर चढवले होते. मांजर शेजाऱ्यांच्या भरवशावर मागे राहिले. आठवडाभरात ओटो यांचे व्यवसायातील सहकारी हर्मान फान पेल्स, त्यांच्या पत्नी औगुस्ते व मुलगा पेटर तेथे आले. नोव्हेंबरमध्ये फ्रिट्झ फेफर हे दंतवैद्य आठवे रहिवासी म्हणून दाखल झाले. मागच्या घराचे दार झाकण्यासाठी बेप यांच्या वडिलांनी पुस्तकांचे एक फिरते कपाट बनवले. बाहेरून पाहणाऱ्याला ते कार्यालयाच्या धारिका ठेवलेले साधे कपाट वाटे.

आतले जीवन घड्याळाच्या काट्यावर चाले. गोदामातील कामगारांना यातले काही माहीत नव्हते. म्हणून कामाच्या वेळात पायात बूट घालावयाचे नाहीत, नळ सोडावयाचा नाही, संडासात पाणी ओतावयाचे नाही, खोकलाही दाबून धरावयाचा. दुपारी कामगार जेवायला गेले की मदतनीस वर येत आणि बाहेरच्या जगाच्या बातम्या देत. संध्याकाळनंतर कार्यालयात उतरून रेडिओवर इंग्रजांच्या बातम्या ऐकता येत. शिधापत्रिकांवाचून काही मिळत नसे. लपलेल्या माणसांसाठी त्या यान गीस यांच्यामार्फत गुप्तपणे मिळवल्या जात. मीप व बेप पिशव्या भरभरून भाजीपाला, दूध, ब्रेड आणत आणि दर शनिवारी मीप ग्रंथालयातून पुस्तके आणून देत. युद्ध लांबले तसे अन्न निकृष्ट होत गेले. आठवडेच्या आठवडे एकच भाजी, मग कुजके बटाटे आणि जुन्या शेंगा. खिडक्यांचे पडदे सदैव ओढलेले असत. माळ्यावरच्या खिडकीतून मात्र आकाशाचा तुकडा आणि मागच्या अंगणातील चेस्टनटचे मोठे झाड दिसे. शेजारच्या वेस्टरकेर्क चर्चचे घड्याळ दर पाव तासाला टोले देई आणि ॲनला त्या आवाजाचा आधार वाटे.

शाळा सुटली होती, पण शिक्षण सुटले नाही. ओटो फ्रँक तिन्ही मुलांना नेमाने शिकवीत. ॲन फ्रेंच व इंग्रजीचे पाठ करी, बीजगणिताला कंटाळे, इतिहासात रमे आणि राजघराण्यांच्या वंशावळी मांडत बसे. मार्गोचा लॅटिनचा आणि मुलींचा लघुलेखनाचा अभ्यासक्रम टपालाने मागवण्यात आला, तो बेप यांच्या नावाने. बाहेर पडण्याचा दिवस कधी उजाडेल याची खात्री नसताना त्या दिवसानंतरच्या परीक्षांची तयारी चालू ठेवणे, हा आशेचा सर्वांत शांत आविष्कार होता.

आठ माणसे अपुऱ्या जागेत दोन वर्षे कोंडली गेली की कलह अटळ असतो. ॲनने ते कलह अचूक टिपले आहेत. लोणी कोणाला किती मिळाले, ताटल्या कोणाच्या वापरावयाच्या, यांवरून होणारे वाद तिच्या लेखणीतून सुटले नाहीत. तिला स्वतंत्र खोली नव्हती. वयाने चाळीस वर्षांनी मोठ्या असलेल्या फेफर यांच्यासोबत तिला एक चिंचोळी खोली वाटून घ्यावी लागे. त्या खोलीत एकच लहान टेबल होते. आठवड्यातून दोन दुपारी दीड-दीड तास ते आपल्याला मिळावे, अशी विनंती तिने केली. फेफर यांनी ती धुडकावली, कारण मुलीच्या लिहिण्यावाचण्याला ते काम मानावयास तयार नव्हते. अखेर वडिलांनी मध्यस्थी केली आणि टेबल मिळाले. जगातील एका अतिपरिचित ग्रंथाचा काही भाग अशा भांडून मिळवलेल्या वेळेत लिहिला गेला.

आईशी तिचे पटत नसे. आरंभीच्या नोंदींत आईविषयी तिने फार कठोर लिहिले. परंतु १९४४ च्या जानेवारीत जुनी पाने चाळताना तिला स्वतःचीच लाज वाटली. आपण आईच्या बाजूने कधी विचारच केला नाही, हे तिने कबूल केले. तरीही तिने जुनी पाने फाडून टाकली नाहीत. त्यांच्याखाली नवी नोंद केली. स्वतःला तपासून पाहण्याची ही सवय तिच्यात फार लवकर आली. त्याच सुमारास पेटरविषयी तिला ओढ वाटू लागली. माळ्यावर दोघे तासन्‌तास बोलत बसत. काही महिन्यांत तिच्या ध्यानात आले की आपण ज्याच्यावर प्रेम केले तो बराचसा आपल्या कल्पनेतला मुलगा होता. हेही तिने प्रांजळपणे लिहून ठेवले. शरीरात होणारे बदल, एकटेपणा, देवावरची श्रद्धा, स्त्रियांना समाजात मिळणारे दुय्यम स्थान, असे अनेक विषय तिच्या पानांतून येतात. सुरक्षित अंथरुणात झोपताना, रस्त्यावरून हाकलून नेल्या जाणाऱ्या मैत्रिणींच्या आठवणीने तिला अपराधी वाटे. हानेली तिला स्वप्नात दिसे, चिंध्या पांघरलेली आणि मदत मागणारी.

२८ मार्च १९४४ हा दिवस तिच्या लेखनजीवनाला वळण देणारा ठरला. लंडनमधील निर्वासित डच सरकारचे शिक्षणमंत्री खेरिट बोल्केस्टाइन यांनी रेडिओवरून देशवासीयांना आवाहन केले. युद्धानंतर या काळाचा खरा इतिहास लिहिता यावा म्हणून सामान्य माणसांनी आपली पत्रे व रोजनिश्या जपून ठेवाव्यात, असे त्यांचे सांगणे होते. मागच्या घरात सर्वांच्या नजरा ॲनकडे वळल्या. पत्रकार व लेखिका होण्याचे स्वप्न तिने मनाशी बाळगलेच होते. दरम्यान ती कथाही लिहीत होती आणि वाचनात आलेले आवडते उतारे एका वेगळ्या वहीत उतरवून घेत होती. आता तिने रोजनिशीला ग्रंथाचे रूप देण्याचे ठरवले. मे महिन्यात तिने सुट्या कागदांवर सर्व मजकूर नव्याने लिहावयास घेतला. कंटाळवाणा भाग गाळला, अपुऱ्या प्रसंगांत भर घातली, काही मजकूर सौम्य केला आणि माणसांना टोपणनावे दिली. ग्रंथाचे नावही तिने योजले : ‘हेट आख्टरहाउस’. सुमारे दहा आठवड्यांत तिने दोनशेहून अधिक पाने लिहून काढली. एका निष्पाप मुलीचे सहजोद्गार अशी या रोजनिशीची जी ओळख रूढ झाली, ती म्हणून अपुरी ठरते. तो एका जाणत्या लेखिकेने स्वतःच संपादित केलेला, आणि हातातून हिसकावला गेलेला मजकूर आहे.

६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. ओटो यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि सैन्य पुढे सरकेल तसतशा त्यावर टाचण्या टोचल्या. शरद ऋतूत पुन्हा शाळेत जाता येईल, असे ॲनला वाटू लागले. १ ऑगस्ट रोजी तिने किटीला पत्र लिहिले. आपल्या स्वभावाच्या दोन बाजू, वरची खेळकर आणि आतली गंभीर, यांच्यातील ओढाताण हा त्याचा विषय. त्यानंतरची पाने कोरी आहेत.

४ ऑगस्टच्या सकाळी कार्ल सिल्बरबाउअर हा अधिकारी डच पोलिसांसह २६३ क्रमांकाच्या घरात शिरला आणि थेट त्या कपाटापर्यंत पोहोचला. त्यांचा ठावठिकाणा कोणामुळे उघड झाला हे आजवर अनेक चौकश्या होऊनही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. मौल्यवान वस्तू नेण्यासाठी पिशवी हवी म्हणून त्या अधिकाऱ्याने ओटो यांची कातडी बॅग उचलली आणि आतले कागद जमिनीवर ओतले. ते ॲनचे कागद होते. त्याच्या लेखी त्यांना किंमत नव्हती. आठही जणांना आणि त्यांच्याबरोबर क्लाइमान व कुग्लर यांना पकडून नेण्यात आले. नंतर मीप व बेप यांनी जमिनीवर विखुरलेल्या वह्या व कागद गोळा केले. मीप यांनी ते टेबलाच्या खणात ठेवले आणि एक ओळही न वाचता जपले. ॲन परतली की तिची वस्तू तिच्या हाती द्यावयाची, एवढाच त्यांचा विचार होता. त्यांनी ते वाचले असते, तर मदतनीसांची नावे असलेले ते कागद धोक्याचे म्हणून जाळावे लागले असते, हे त्यांनी पुढे सांगितले. दुसऱ्याचे खासगी लेखन वाचू नये, या साध्या सभ्यतेने ती रोजनिशी वाचवली.

आठही जणांना वेस्टरबोर्क येथील संक्रमण छावणीत नेण्यात आले. तेथे त्यांना जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम होते. ३ सप्टेंबर १९४४ रोजी तेथून ऑशविट्झकडे शेवटची गाडी सुटली. त्या गाडीत १,०१९ माणसे होती आणि त्यांत हे आठही जण होते. तिसऱ्या रात्री गाडी पोहोचली आणि फलाटावरच पुरुष व स्त्रिया वेगळे करण्यात आले. ओटो यांनी पत्नीला व मुलींना पाहिले ते अखेरचे. पंधरा वर्षांखालील मुलांना सहसा थेट विषारी वायूच्या कोठडीत पाठवले जाई. ॲनला पंधरावे वर्ष पूर्ण होऊन अवघे तीन महिने झाले होते. ज्या आईशी तिचे पटत नसे, ती आई आपल्या वाट्याचा ब्रेड मुलींसाठी राखून ठेवी, असे सोबतच्या स्त्रियांनी पुढे सांगितले. नोव्हेंबरच्या आरंभी ॲन व मार्गो यांना जर्मनीतील बेर्गेन-बेल्सन छावणीत हलवण्यात आले. एडिथ मागे राहिल्या आणि ६ जानेवारी १९४५ रोजी भुकेने व आजाराने ऑशविट्झमध्ये मरण पावल्या.

बेर्गेन-बेल्सनमध्ये वायूच्या कोठड्या नव्हत्या. तेथे भूक, थंडी, घाण आणि टायफस होता. १९४५ च्या आरंभी एका रात्री कुंपणापलीकडून ॲनला ओळखीचा आवाज ऐकू आला. तो हानेलीचा होता. ज्या मैत्रिणीला ॲनने स्वप्नात चिंध्यांत पाहिले होते, तीच आता गवत खोचलेल्या कुंपणाच्या त्या बाजूने कुडकुडणाऱ्या ॲनसाठी खाण्याचे पुडके फेकीत होती. पहिले पुडके दुसऱ्याच एका भुकेल्या स्त्रीने झडप घालून पळवले. दुसरे ॲनच्या हाती पडले. आपले आईवडील दोघेही मेले, अशी ॲनची समजूत होती. वडील जिवंत आहेत हे तिला ठाऊक असते तर कदाचित ती तग धरू शकली असती, असे हानेलीला आयुष्यभर वाटत राहिले. मार्गो आधी गेली आणि पाठोपाठ थोड्याच दिवसांत ॲन. तारखेची नोंद कोणी ठेवली नाही. तो बहुधा फेब्रुवारी महिना असावा. १५ एप्रिल रोजी ब्रिटिश सैन्याने ती छावणी मुक्त केली. दोघी बहिणी तेथील सामूहिक दफनभूमीत कोठेतरी आहेत.

ओटो फ्रँक यांची ऑशविट्झमधून २७ जानेवारी १९४५ रोजी रशियन सैन्याने सुटका केली. ओडेसा व मार्सेयमार्गे प्रवास करीत ते ३ जून रोजी ॲमस्टरडॅमला मीप व यान यांच्या दारी पोहोचले. पत्नीच्या मृत्यूची वार्ता त्यांना वाटेत कळली होती. मुलींची आशा मात्र होती. जुलैमध्ये तीही संपली. तेव्हा मीप यांनी खण उघडला आणि वह्या व कागद त्यांच्यापुढे ठेवले. वाचताना ओटो यांना जाणवले की, जिच्याशी आपले सर्वाधिक जमत होते त्या मुलीच्या मनाचा ठाव आपल्यालाही लागला नव्हता. त्यांनी मूळ रोजनिशी व ॲनचे सुधारित हस्तलिखित यांतून एक संहिता सिद्ध केली. आईविषयीचा कठोर मजकूर व काही नाजूक भाग त्यांनी वगळला. अनेक प्रकाशकांनी नकार दिला. १९४६ मध्ये यान रोमाइन या इतिहासकाराने एका दैनिकात या हस्तलिखिताविषयी लिहिले, आणि २५ जून १९४७ रोजी ॲनने योजलेल्याच नावाने पुस्तक प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या प्रती तीन हजारांच्या थोड्या वर होत्या. १९५० मध्ये जर्मन व फ्रेंच, १९५२ मध्ये इंग्रजी, आणि पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते पोहोचले. नाटक व चित्रपट यांनी ते आणखी दूर नेले.

प्रसिद्धीबरोबर विकृतीही आली. ही रोजनिशी बनावट आहे असा प्रचार नाझी अत्याचार नाकारणाऱ्यांनी केला. डच सरकारच्या युद्धविषयक संशोधन संस्थेने हस्ताक्षर, कागद व शाई यांची कसून तपासणी करून १९८६ मध्ये सर्व संहिता शेजारी-शेजारी छापल्या आणि शंकेला जागा ठेवली नाही. दुसरी विकृती अधिक गोड आहे. माणसाच्या चांगुलपणावर ॲनने व्यक्त केलेला विश्वास तेवढा उचलून तिला क्षमाशील देवदूत बनवले जाते. ज्या नोंदीत तो विश्वास आहे त्याच नोंदीत चालून येणाऱ्या विनाशाचा गडगडाटही तिने ऐकला होता, आणि लाखोंचे दुःख आपल्याला जाणवते असेही लिहिले होते. शिवाय ते शब्द छावण्या पाहण्यापूर्वीचे आहेत. बेर्गेन-बेल्सनमध्ये तिच्याजवळ कागद नव्हता.

नेदरलँड्समधील सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. युरोपभर ही संख्या साठ लाखांच्या घरात जाते आणि त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. एवढी मोठी संख्या मनाला बधिर करते. एका मुलीने मात्र टेबलासाठी केलेले भांडण, बीजगणिताचा कंटाळा आणि आईबद्दलचा पश्चात्ताप लिहून ठेवला, आणि त्या संख्येतील प्रत्येक एककाला असेच एक घर, एक वर्ग, एक वही असणार याची जाणीव करून दिली. ज्यांची वही उरली नाही त्यांची आठवणही तिच्या वहीतूनच काढावी लागते.

ओटो फ्रँक यांनी उरलेले आयुष्य या ग्रंथाच्या कामाला आणि जगभरच्या तरुण वाचकांच्या पत्रांना उत्तरे देण्याला वाहिले. १९८० मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. मीप गीस २०१० पर्यंत, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून जगल्या. आपण काही विशेष केले असे त्यांनी कधीच मानले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमधील वादळात मागच्या अंगणातील चेस्टनटचे झाडही कोसळले.

प्रिन्सेनग्राख्तवरील ते घर १९६० पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. ओटो यांच्या इच्छेनुसार मागच्या घरातील खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. ॲनने भिंतीवर चिकटवलेली चित्रे तेथे अजून आहेत, ओटो यांचा नॉर्मंडीचा नकाशाही आहे. त्यांच्याजवळच भिंतीच्या कागदावर पेन्सिलीच्या काही आडव्या रेघा दिसतात. मुलींची उंची मोजून आईवडिलांनी त्या वेळोवेळी ओढल्या होत्या. खालच्या व वरच्या रेघेतील अंतरावरून कळते की या बंद घरात ॲन तेरा सेंटीमीटरहून अधिक वाढली. सर्वांत वरच्या रेघेच्या वर भिंत मोकळी आहे.